परमिटाची अफू आणि जिभेखालची गोळी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीत व्यसनाचा विषय निघाला की बोलणे दारूवर येते, नाहीतर तंबाखूच्या खर्र्यावर. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला लागलेली बंदी २०२१ मध्ये उठली. बंदी हवी की नको यावर या दोन जिल्ह्यांतल्या माणसाने इतके ऐकले आणि सोसले आहे की त्याला कोणी नव्याने शिकवायला नको. या वादात एक प्रश्न मात्र नेहमी मागे राहतो. दुकान बंद झाले, ठीक. पण ज्याचे शरीर आधीच त्या पदार्थाच्या आधाराने चालते आहे, त्याने उद्या सकाळी काय करायचे?

अफूच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याकडे फार आधी उभा राहिला होता. महाराष्ट्रात त्याला शंभरेक वर्षांत तीन उत्तरे मिळाली. आधी सरकारी परमिटावर अफू मिळे. मग पूर्ण सोडवण्याचा आग्रह आला. आणि आता रोज मोजून दिले जाणारे औषध आले आहे. पहिले आणि तिसरे उत्तर एकमेकांचे नातेवाईक आहेत, पण मधल्या काळात इतके काही घडून गेले की ते नाते कोणी सांगत नाही.

मुंबईच्या श्रीमंतीचा एक पाया अफूचा आहे हे आता सर्वांना माहीत आहे. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून चीनला जाई, कंपनी सरकार पेटीमागे पासाची फी घेई आणि सर जमशेटजी जीजीभॉयांसारखे व्यापारी त्यात गब्बर झाले. देशात खपणारी अफू वेगळी होती. ती गाझीपूरच्या सरकारी कारखान्यासारख्या ठिकाणांहून अबकारी खात्यामार्फत परवान्याच्या दुकानात येई. मुंबई इलाख्यात ही व्यवस्था होती, तशीच आपला तेव्हाचा चांदा जिल्हा ज्यात होता त्या मध्य प्रांतातही होती. घेणाऱ्यांत वयस्कर माणसे बरीच असत. खोकला, हगवण, सांधेदुखी, मधुमेह यांवर अफू चालते असा समज होता. हिवतापाच्या मुलखात ती तापापासून वाचवते असेही लोक मानत. डॉक्टर गावात नव्हताच, त्यामुळे हरभऱ्याएवढी गोळी हेच घरचे औषध होते.

विलायतेतल्या धर्मनिष्ठ मंडळींनी या व्यापाराविरुद्ध काहूर उठवले, तेव्हा ग्लॅडस्टनच्या सरकारने १८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमले. दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वर सिंह आणि जुनागढचे दिवाण हरिदास विहारीदास देसाई हे त्यात दोन हिंदी सदस्य होते. कलकत्त्याहून निघालेले कमिशन साक्षी घेत घेत १८९४ च्या सुरुवातीला मुंबईला पोचले. सात खंडांचा अहवाल १८९५ मध्ये बाहेर आला. हिंदुस्थानातला माणूस अफू ओढण्यापेक्षा खातो जास्त, बहुतेक जण प्रमाणात खातात, तेव्हा बंदीची गरज नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. हेन्री विल्सन या सदस्याने तेवढी भिन्नमतपत्रिका जोडली. सरकारच्या तिजोरीत अफूचा वाटा मोठा होता आणि अहवाल वाचताना ते विसरता येत नाही. तरीही त्यातले एक निरीक्षण पुढे उपयोगी पडणार होते: ठरलेली मात्रा ठरलेल्या वेळी घेणारा माणूस वर्षानुवर्षे शेती करतो, नोकरी करतो, संसार करतो.

कमिशनला न दिसलेली बाजू गिरणगावात होती. १९२२ मध्ये मुंबई सरकारने गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी एका डॉक्टरबाईंकडे, डॉ. बार्न्स यांच्याकडे, सोपवली. कामगार बायकांच्या मुलांपैकी शेकडा ९८ जणांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. तिला बाळगोळी म्हणत. आई पाळीवर जाई, दहा-दहा तास घर बंद. मागे एखादी म्हातारी किंवा सात-आठ वर्षांची बहीण. गोळी दिलेले मूल रडत नसे आणि भूकही मागत नसे. त्या बायकांना दोष देणे फार सोपे होते, आणि पुष्कळांनी दिलाही. गिरणीत पाळणाघर बांधण्यापेक्षा ते स्वस्त पडे.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत वारे फिरले. चीनचा व्यापार संपला. गांधीजी आणि सी. एफ. अँड्र्यूज यांनी अफूचा प्रश्न राष्ट्रीय चळवळीत आणला. आसामात काँग्रेसने चौकशी समिती नेमली. १९३० मध्ये डेंजरस ड्रग्ज ॲक्ट आला आणि १९३६ मध्ये मुंबई इलाख्यात अफू ओढण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला, त्यात अफूलाही हात घातला होता. त्याच वर्षी दिल्लीत अखिल भारतीय अफू परिषद भरली. दुकानांना होणारा पुरवठा दरवर्षी कमी करत दहा वर्षांत शून्यावर आणायचा, असे तिथे ठरले. त्याप्रमाणे १ एप्रिल १९५९ पासून औषधी आणि वैज्ञानिक वापर सोडून अफूची विक्री बंद झाली.

पण बंदीच्या या कागदात एक फट शहाणपणाने ठेवलेली होती. जुन्या अफूबाजांचे काय, हे धोरण आखणाऱ्यांना ठाऊक होते. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनचे कर्नल रामनाथ चोप्रा यांनी अफूच्या सवयीचा अनेक वर्षे अभ्यास केला होता. साठ-सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याची अफू एकदम तोडली तर काय होते, ते या डॉक्टरांनी पाहिले होते. म्हणून ज्याला डॉक्टरचा दाखला मिळेल त्याचे नाव नोंदवहीत चढे, महिन्याची मात्रा ठरे आणि तेवढी अफू त्याला सरकारमान्य ठिकाणी परमिटावर मिळे. आजच्या वैद्यकीय भाषेत बोलायचे तर ही सरळसरळ देखभाल-उपचाराची पद्धत होती. तेव्हा तिला कोणी उपचार म्हटले नाही. अबकारी खात्याच्या लेखी ती फक्त मावळतीला लागलेली सवलत होती. नवी नावे वाढू द्यायची नव्हती आणि जुनी माणसे काळाच्या ओघात कमी होत जाणार होती.

मावळतीची तारीखही ठरलेली होती. १९६१ चा संयुक्त राष्ट्रांचा मादक पदार्थांविषयीचा करार १३ डिसेंबर १९६४ ला अमलात आला. त्यात अफूच्या अर्धवट औषधी वापराला, म्हणजे आपल्या परमिटासारख्या प्रकारांना, पंधरा वर्षांची मुदत होती. ती भरली १३ डिसेंबर १९७९ ला. त्यानंतर दोन आठवडेही झाले नाहीत तोच रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या.

त्याच वर्षी इराणात क्रांती झाली होती आणि पाकिस्तानात झिया राजवटीने अफूवर बंदी आणली होती. पश्चिमेकडचे जुने रस्ते बंद पडले, युद्धाला पैसा हवा होता आणि डोंगरात पिकलेल्या अफूचे हेरॉइन करणाऱ्या भट्ट्या सरहद्दीलगत निघाल्या. युरोप-अमेरिकेकडे जाणारा माल भारतातून जाऊ लागला. जिथून माल जातो तिथे थोडा सांडतोच. परमिट संपले म्हणून हेरॉइनची गर्द आली, असे म्हणणे चुकीचे ठरेल. म्हाताऱ्यांच्या अफूचा आणि कॉलेजच्या पोरांच्या पुडीचा थेट संबंध नव्हता. घडले ते एवढेच की अफूच्या व्यसनाला मोजूनमापून हाताळायचा जो काही सरकारी अनुभव होता तो मोडीत निघाला, आणि नेमक्या त्याच वेळी अफूचे कितीतरी जहाल रूप मुंबईच्या दारात आले.

ब्राऊन शुगर, पावडर, गर्द. सिगारेटच्या चांदीवर चिमूटभर टाकायची, खालून काडी पेटवायची, वितळून पळणारा थेंब आणि त्याचा धूर नळीने पाठलाग करत ओढायचा. सुरुवातीला पुडी स्वस्त होती आणि मित्राकडून फुकटही मिळे. काही आठवड्यांत नशेचा भाग संपतो आणि मग पुडी लागते ती त्रास टाळण्यासाठी. शेवटच्या पुडीनंतर आठ-दहा तासांनी जांभया सुरू होतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, अंगावर काटा येतो, पोटात कळा आणि जुलाब, पायांत अशी ओढ की माणूस रात्रभर लाथा झाडतो. व्यसनी मंडळी याला टर्की म्हणतात. टर्कीने माणूस सहसा मरत नाही, पण मेलो तर बरे असे त्याला वाटते. घरातली भांडी विकली जातात ती या टप्प्यावर.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या उद्ध्वस्त वर्षांतच गर्दुल्ला हा शब्द मुंबईच्या रस्त्यावर रुळला. संसदेने १९८५ मध्ये मादक पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा केला आणि तो १४ नोव्हेंबरपासून लागू झाला. धंदा करणाऱ्याला किमान दहा वर्षांची शिक्षा होती. व्यसनमुक्ती केंद्रे काढण्याची तरतूदही त्यात होती, पण पोलीस ठाणी आधीच उभी होती आणि केंद्रे उभारायची होती. साहजिकच कायद्याचा जो हात तयार होता तोच चालला.

उपचाराची बाजू माणसांनी आपल्या बळावर उभी केली. वांद्र्याला फादर जो परेरा यांचे कृपा फाउंडेशन १९८१ पासून काम करत होते. अनिल अवचटांनी मुंबईच्या गर्दच्या अड्ड्यांवर फिरून, पोरांशी आणि त्यांच्या आईबापांशी बोलून लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. नुसते वाचून हळहळणे त्यांच्या स्वभावात नव्हते, त्यांनी व्यसनमुक्ती केंद्र काढण्यासाठी देणगी दिली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ ला हे केंद्र, मुक्तांगण, सुरू झाले.

मुक्तांगणचा मार्ग पूर्ण व्यसनमुक्तीचा. पस्तीस दिवस राहायचे, सुरुवातीच्या दिवसांत औषधांनी टर्की सुसह्य करायची, पुढे गटसभा, समुपदेशन, श्रमदान, घरच्यांना सोबत घेणे आणि बाहेर पडल्यावर पाठपुराव्याच्या बैठका. स्वतः बरे झालेले मित्रच तिथे कार्यकर्ते झाले. व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता आजारी मानायचे, हा मराठी घरांत रुजलेला विचार बऱ्याच अंशी या संस्थेचा आहे. डॉ. अनिता १९९७ मध्ये कर्करोगाने गेल्या, पण काम थांबले नाही. हजारो संसार या वाटेने सावरले, यात शंका घेण्याचे कारण नाही.

तरीही अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत एक हट्टी वस्तुस्थिती जगभर सगळ्या केंद्रांपुढे उभी राहत होती. टर्की काढून बाहेर पडलेल्यांतले पुष्कळ जण काही महिन्यांत परत पुडीकडे जात. आणि परत जाणे जिवावर बेतू शकते, कारण मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि जुनी मात्रा आता जास्त होते. ज्यांना घर नाही, स्टेशनच्या पुलाखाली राहतात, त्यांना तर पस्तीस दिवसांनंतर परतायला पुलाखालचीच जागा होती.

अमेरिकेत याच कोड्यावर १९६४ मध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निसवँडर हे दोन डॉक्टर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करत होते. त्यांनी जुन्या हेरॉइनबाजांना आधी मॉर्फिन देऊन पाहिले. ती माणसे दिवसभर टीव्हीपुढे पेंगत, नाहीतर पुढच्या इंजेक्शनची वेळ विचारत. मग मेथाडोन दिले. जर्मनीत दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर शोधलेले हे वेदनाशामक तोंडाने घेता येते आणि दिवसभर टिकते. काही दिवसांत त्यांतला एक झपाटल्यासारखा चित्रे काढू लागला, दुसरा शिक्षण पुरे करायचे म्हणू लागला. दोघांनी १९६५ मध्ये २२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. मेथाडोनने नशा चढत नव्हती आणि टर्कीही येत नव्हती. दिवस मोकळा मिळत होता.

मेथाडोनमध्येही जोखीम आहे, मात्रा जास्त झाली तर श्वास बंद पडतो. इंग्लंडमधल्या एका कंपनीने १९६६ मध्ये तयार केलेले ब्युप्रेनॉर्फिन त्या मानाने सुरक्षित निघाले. मेंदूतल्या ज्या खाचांत हेरॉइन बसते तिथेच ते बसते, पण अर्धाच परिणाम करते; एका मर्यादेपलीकडे मात्रा वाढवून परिणाम वाढत नाही. शिवाय जागा इतकी घट्ट धरते की वरून हेरॉइन घेतले तरी फारसे लागत नाही. फ्रान्सने नव्वदच्या दशकाच्या मध्यावर साध्या फॅमिली डॉक्टरांना ते लिहून देण्याची मुभा दिली आणि चार वर्षांत अतिमात्रेने होणारे मृत्यू सुमारे चार पंचमांशाने घटले. इतर देशांनी इतर औषधे निवडली. स्वित्झर्लंडने १९९४ पासून काही रुग्णांना देखरेखीखाली चक्क हेरॉइनच दिले. इराणने तर अफूचा अर्क दवाखान्यातून द्यायला सुरुवात केली. आपल्या परमिटाची ही सुधारलेली आवृत्तीच म्हणायची.

भारतात या औषधांना वाट करून दिली ती एचआयव्हीने. नव्वदच्या दशकात पुडी महाग झाली, मालात भेसळ वाढली आणि पन्नीवरून माणसे सुईवर गेली. एक सुई तिघाचौघांत फिरे. इथे एक विचित्र गोष्ट घडली. ब्युप्रेनॉर्फिन तेव्हा भारतात वेदनाशामक इंजेक्शन म्हणून औषध दुकानात मिळत होते. ते ॲव्हिल आणि डायझेपाममध्ये मिसळून टोचण्याची पद्धत रस्त्यावर पसरली. म्हणजे जे औषध म्हणून येणार होते ते आधी व्यसन म्हणून येऊन बसले होते. पुढे सरकारने गोळी रोज समोर बसवूनच द्यायची असा कडक नियम केला, त्यामागे ही आठवण आहे.

दिल्लीच्या एम्सने १९९३ च्या सुमारास जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिन गोळीवर रुग्णांना दीर्घकाळ ठेवायला सुरुवात केली. मुंबईत एल्ड्रेड टेलिस यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेल्या संकल्प संस्थेने रस्त्यावरच्या सुईबाजांत काम धरले. जखमा धुणे, आंघोळीला जागा, जुन्या सुईच्या बदल्यात नवी सुई, आणि पुढे ही गोळी. सुया वाटणाऱ्यांवर व्यसनाला खतपाणी घालण्याचा आरोप होणार हे उघड होते आणि तो झाला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने, म्हणजे नॅकोने, २००७-०८ मध्ये हा उपचार आपल्या कार्यक्रमात घेतला आणि मग संस्थांबरोबर सरकारी रुग्णालयांतही केंद्रे निघाली. मेथाडोन २०१२ च्या सुमारास देशातल्या मोजक्या ठिकाणी चाचणीदाखल सुरू झाले. परळचे केईएम रुग्णालय त्यांपैकी एक.

अशा केंद्रात सकाळी काय चालते ते पाहण्यासारखे आहे, म्हणजे पाहण्यासारखे फार काही नाही. माणूस रजिस्टरपाशी येतो. परिचारिका त्याची मात्रा काढते, गोळ्या चुरते आणि ती पूड त्याच्या जिभेखाली टाकते. तो पाच-दहा मिनिटे तोंड मिटून बाकावर बसतो. थुंकायचे नाही, पाणी प्यायचे नाही, बोलायचे नाही. मग तोंड उघडून दाखवायचे, सही करायची आणि कामाला जायचे. हे उद्या पुन्हा, परवा पुन्हा, कित्येकांना वर्षानुवर्षे.

कायदा सगळ्यांत शेवटी पोचला. व्यसनींचे ‘व्यवस्थापन’ हा शब्द एनडीपीएस कायद्यात २०१४ च्या दुरुस्तीने आला आणि देखभाल-उपचाराला स्पष्ट आधार मिळाला. पुढच्या वर्षी मेथाडोन अत्यावश्यक मादक औषधांच्या यादीत गेले. जागतिक आरोग्य संघटनेने मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ मध्येच घेतले होते.

एक नशा काढून दुसरी दिली, हा आक्षेप अजून ऐकू येतो, डॉक्टरांकडूनही. आपल्याकडे खर्रा सोडू पाहणाऱ्याला निकोटीनचा च्युइंगम दिला जातो तेव्हा असे कोणी म्हणत नाही, आणि तत्त्व तेच आहे. आक्षेपात तथ्य आहे ते वेगळ्या ठिकाणी. औषध कधी बंद करायचे याचे सोपे उत्तर कोणाकडे नाही. लवकर बंद केले तर पुष्कळ जण परततात, चालू ठेवले तर माणूस केंद्राला बांधला जातो. नुसती गोळी देऊन समुपदेशन आणि कामधंद्याकडे दुर्लक्ष करणारे केंद्र परमिटाच्या दुकानापेक्षा फार पुढे गेलेले नसते. या दोन मार्गांत भांडण लावण्याची हौस मला तरी नाही. पस्तीस दिवसांत सुटणारा माणूस सुटू दे. चौथ्यांदा परतलेल्याला पाचव्यांदा तेच करायला लावणे मात्र उपचारात बसत नाही.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीने देशात सुमारे ७७ लाख लोकांना अफूजन्य पदार्थांमुळे उपचाराची गरज असल्याचा अंदाज दिला. त्यांतले निम्म्याहून अधिक ज्या आठ राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्राचे नाव आहे. आता यात एकटी गर्द नाही. कोडीनचे खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांना बंदर लागत नाही, औषध दुकान पुरते. ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ मध्ये एनडीपीएस कायद्याखाली आले ते त्यामुळेच.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, एसटी आणि लोकल थांबल्या आणि रोज केंद्रावर येण्याचा नियम एका आठवड्यात अशक्य झाला. तेव्हा नॅकोने काही दिवसांची मात्रा घरी द्यायला परवानगी दिली. जी गोष्ट गैरवापराच्या भीतीने इतकी वर्षे टाळली होती ती साथीने करायला लावली. जंगलपट्ट्यातल्या तालुक्यांसाठी या सवलतीचे मोल शहरापेक्षा जास्त आहे. सिंदेवाही, चिमूर किंवा कुरखेड्याच्या मजुराला रोज सकाळी जिल्ह्याच्या गावी जाऊन गोळी घे म्हणणे म्हणजे मजुरी सोड म्हणण्यासारखेच आहे. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ या कार्यक्रमाने दारू-तंबाखूसाठी तालुक्याच्या पातळीवर उपचाराची क्लिनिके चालवून दाखवली आहेत. अफूजन्य व्यसनांची गोळी त्या वाटेने तालुक्यापर्यंत आणता येईल का, हे आता आरोग्य खात्याने ठरवायचे आहे.